बटन नसलेला दिवा

चित्रकलेच्या तासाला सेल आणि लाइट वापरायचे, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं तेव्हा माझं डोकं फिरलं. तसं माझं डोकं फिरायला फार काही लागत नाही. खडूचा डबा उघडा राहिला तरी पुरतं. पण हे जरा अतीच होतं. सारी नोकरी मी अल्लीपूरच्या पुढच्या एका गावात पोरांना रंग कालवायला शिकवण्यात घालवली, आणि आता निवृत्तीच्या तोंडावर मला वायरमन व्हायला सांगत होते. वरून आदेश आला होता की कलेची आणि विज्ञानाची सांगड घाला. वरून आदेश आला की सांगड घालावीच लागते, मग ती बैलाची आणि बकरीची का असेना.

खरं दुखणं वेगळं होतं. मी गेल्यावर माझी जागा भरणार नाहीत, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. चित्रकला आता दुसऱ्या कोणत्या तरी विषयाच्या घरी भाड्याने राहिली तरच राहणार. मला ते लागलं, आणि मला काही लागलं की मी ओरडतो. त्या दिवशी जो समोर आला त्याच्यावर ओरडलो.

विज्ञानाच्या मॅडम माझ्या सुनेच्या वयाच्या आहेत. त्यांनी माझं ओरडणं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, एकदा करून तर पाहा. मग दोघं मिळून रागावू." त्यांनी एक खोका टेबलावर ठेवला. त्यात तांब्याची चिकटपट्टी होती, हरभऱ्याच्या दाण्याएवढे लाइट होते आणि नाण्यासारखे चपटे, गोल सेल होते. जाड कागदावर पुढून चित्र काढायचं. मागून तांब्याच्या पट्टीची वाट करायची, सेलपासून लाइटच्या एका पायापर्यंत आणि दुसऱ्या पायापासून परत सेलपर्यंत. चित्रात हवं तिथे सुईने भोक पाडायचं, त्यातून लाइट डोकावतो. कागदाचा एक कोपरा दुमडून त्याचं बटन करायचं. कोपरा दाबला की दिवा लागतो, सोडला की बंद.

पट्टी सगळ्या वर्गाला पुरेना. मॅडम म्हणाल्या, घरून चंदेरी फॉइल आणा, डब्यात पोळ्या गुंडाळतो ती. पोरांनी आणली, आणि ती चिकटवायला घरूनच मैद्याची खळ करून आणली, पताका चिकटवायला करतात तशी, घट्ट. जिथे फॉइलचे दोन तुकडे जोडायचे तिथे तर बोट भरभरून लावली, जोड पक्का व्हावा म्हणून. दुसऱ्या दिवशी एकाचाही लाइट लागला नाही. वाळलेल्या खळीतून वीज जात नाही, हे मॅडमनी परोपरीने समजावलं. पण ज्या जोडाला खळ नाही तो टिकेल यावर आमच्या पोरांचा विश्वास बसेना. मला त्या दिवशी मनातून बरं वाटलं. म्हटलं, गेलं एकदाचं.

गेलं नाही. आठवड्याभरात पोरांनी जोडांवरची खळ खरवडून काढली आणि लाइट लागायला लागले. एकाने ट्रॅक्टर काढून त्याचे दिवे पेटवले. एकाचे मामा सिंदी रेल्वे या गावी राहतात, त्याने स्टेशनचा सिग्नल काढला. एका पोरीने गणपतीच्या डोळ्यांत लाल लाइट बसवले, तर बाप्पा असा काही रागावलेला दिसायला लागला की सगळा वर्ग माझ्याकडे पाहून हसला. मीही हसलो. चित्रात उजेड दाखवायला जन्मभर मी पिवळ्यात पांढरा मिसळायला शिकवत आलो होतो. इथे खरा उजेड कागदातून बाहेर येत होता. कोणाला सांगितलं नाही, पण मला ते आवडलं.

या सगळ्यात मागच्या बाकावरची सातवीतली एक मुलगी काहीच बोलत नव्हती. तिची आई पोळ्याच्या आधी गेली होती. चार दिवसांचा ताप आला आणि बाई गेली, एवढंच मला माहीत होतं. तेरवी झाल्यावर मुलगी शाळेत आली आणि पुढचं बाक सोडून मागे जाऊन बसली. मी तिला उठवून पुढे बसवलं नाही. एरवी बसवलं असतं.

तिचं चित्र मी पाहिलं तेव्हा आधी कपाळाला आठी पडली. एवढा मोठा कागद, आणि जवळजवळ सगळा काळा. काळा खडू घासून घासून तिने कागदाला तकाकी आणली होती. खाली एका कोपऱ्यात शेणाने सारवलेली जमीन, तिच्या भेगासुद्धा काढलेल्या. भिंतीचा पोपडा. जमिनीवर पिठाचा पांढरा गोल, आणि पिठाजवळ मातीचा दिवा. दिव्याच्या वातीच्या जागी लाइट. बाकी काही नाही. माणूस नाही, भांडं नाही, झाड नाही.

"एवढ्या कागदावर एवढासा दिवा?" मी म्हणालो. पण चित्र चांगलं होतं. फार चांगलं होतं. आणि पीठ पाहून ते कशाचं आहे हे मला कळलं होतं.

आमच्याकडे माणूस गेलं की जिथे जीव गेला तिथली जमीन सारवतात, तिथे पीठ पसरतात आणि जवळ दिवा लावतात. तेरवीपर्यंत तो दिवा विझू द्यायचा नसतो. गेलेल्याला त्या उजेडात वाट दिसते म्हणतात. घरातलं कोणी ना कोणी त्याच्याजवळ बसून असतं, तेल घालतं, वात सारतं.

मॅडमनी तो कागद उलटा करून पाहिला. पट्टीचं काम सुबक होतं, एकही सुरकुती नव्हती. पण दिवा सारखा लागलेलाच होता. कोपरा दुमडलेला नव्हता.

"बटन राहिलं गं," मॅडम म्हणाल्या. "तालुक्याच्या प्रदर्शनाला न्यायचं तर बटन लागेल. नाहीतर काम अर्धवट धरतात."

"बटन नाई पायजे मॅडम."

"काऊन गं?" मी विचारलं.

"बटन असलं का कोणी बंद करते," ती म्हणाली.

तिने ते इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मॅडमनी कागद सुलटा करून तिच्या हातात परत दिला. तास संपला. तिने तो कागद खडूच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवला आणि कपाटाचं दार लावायच्या आधी आत डोकावून पाहिलं. आत काळोखात दिवा जळत होता.

त्या दुपारी खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी मला सगळं सांगितलं. त्या त्याच गल्लीत राहतात. मुलीचे वडील वावरात, आजी आजारी, म्हणून दुपारचं दिव्याजवळ बसायचं काम या मुलीकडे होतं. आई गेल्यापासून ती धड झोपली नव्हती. दहावं करायला माणसं नदीवर गेली, बाया पाण्याला गेल्या, आजी आत पडून, आणि दिव्याजवळ ती एकटी. बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. बाया परत आल्या तर दिवा विझलेला आणि पोरगी पिठाच्या कडेला डोकं टेकून झोपलेली.

"अन् मंग तिची आत्या बोलली सर," मावशी म्हणाल्या. "साऱ्या बायांसमोर. तुनं तुह्या मायले अंधारात लोटलं म्हणे. आता तिले वाट दिसन का म्हणे. तवापासून हे पोरगी अशी हाय. जेवते, झोपते, पन बोलत नाई."

मला त्या आत्याचा असा राग आला की वाटलं, तसंच जाऊन तिच्या दारात उभं राहावं. पण जाऊन काय बोलणार होतो? तिची भावजय गेली होती. दुःख झालं की माणूस कोणावर तरी ओरडतो, आणि समोर जो असेल त्याच्यावर ओरडतो. मी तरी दुसरं काय करत आलो होतो? शेवटी त्या दिवशी मी कोणाच्याच दारात गेलो नाही.

माझी बायको गेली त्याला आता काही वर्षं झाली. आम्ही वर्ध्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो, मी अजून तिथेच राहतो. वरच्या मजल्यावर तेलाचा दिवा नको, पडदे पेटतील, म्हणून मुलाने विजेचा छोटा दिवा लावला. त्या दिवसांत दोनदा लाइन गेली. दिवा गेला, पंखा गेला, फ्रीज गेला. शेजारणीने दारातून विचारलं, "तुमच्याकडेही गेली का?" एवढंच. कोणी कोणाला बोललं नाही. लाइन जाते, तिला कोण काय करणार. तिच्या वाटेचं काय झालं असेल हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. मावशींचं ऐकल्यावर मात्र ते पहिल्यांदा आलं, आणि मग बरेच दिवस गेलं नाही.

मुलीला काहीतरी सांगायला हवं होतं. लहान आहेस, दमली होतीस, झोप लागली, त्यात तुझं काय चुकलं. एवढी चार वाक्यं. पण मी वर्गात गेलो की मला आकाश वरून गडद आणि खाली फिकं असतं हेच सांगता येई. आमच्या तासाला असलं काही शिकवत नाहीत, आणि मला ते कोणी शिकवलंही नव्हतं.

चपटा सेल दोन-तीन दिवसांत दम टाकतो. दिवा एकदम जात नाही, मंद मंद होत जातो. मला वाटलं होतं, सेल संपेल आणि विषय आपोआप मिटेल. पण तिने आधीच तजवीज करून ठेवली होती. कागदाच्या मागे तिने एकाऐवजी दोन सेलची घरं केली होती, शेजारी शेजारी, दोन्हींच्या वाटा एकाच दिव्याला. पहिला सेल मंदावला की दुसऱ्या घरात नवा बसवायचा, आणि तो बसला की मगच जुना काढायचा. तेवढ्यात दिवा क्षणभरही जात नाही.

"हे कोणी शिकवलं तुला?" मॅडमनी विचारलं.

"वात बदलवतो ना मॅडम, तसंच," ती म्हणाली. "जुनीवर नवी लावायची अन् मंग जुनी काढायची."

मॅडमनी बटनाचा विषय पुन्हा काढला नाही. तालुक्याला सिग्नल आणि ट्रॅक्टर गेले. मॅडमनी खोक्यातली सेलची एक अख्खी पट्टी मुलीच्या दप्तरात टाकली आणि माझ्याकडे न पाहता वर्गाबाहेर गेल्या.

एकदा मुलगी चित्र घरी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत कपाटात होतं. आत्याने घरात ठेवू दिलं नाही. तेरवी झाली की तो दिवा घरात ठेवत नाहीत, ठेवला तर गेलेलं माणूस घरातच अडकून राहतं, असं आत्या म्हणाल्याचं मावशींकडून कळलं. म्हणजे विझला तर आई अंधारात भटकणार, आणि जळत ठेवला तर आई घरात अडकणार. त्या बाईच्या हिशेबात आईला सुटका कुठेच नव्हती, आणि पोरीला तर नव्हतीच नव्हती. मुलीने त्यावर वाद घातला नाही. तिने आपली जागा बदलली. शाळा म्हणजे घर नाही, एवढं तिने मनाशी ठरवलं असावं.

त्यानंतर रोज मधल्या सुट्टीत ती कपाट उघडायची, पाहायची आणि लावायची. इतर पोरं आधी बघायला यायची, मग कंटाळली. मला मात्र सवय लागली. शाळा सुटली की सगळे गेल्यावर मीही एकदा कपाट उघडून पाहू लागलो. कशासाठी ते विचाराल तर सांगता येणार नाही.

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या आणि पंचाईत झाली. शाळेला कुलूप लागणार. शेवटच्या दिवशी ती माझ्या टेबलाजवळ येऊन उभी राहिली. आई गेल्यापासून आपणहून माझ्याजवळ येण्याची तिची ही पहिली वेळ.

"सर, तुमच्या घरी कोणी हाय का जी दिवसाचं?"

"मीच असतो," मी म्हणालो. "सुट्टीत कुठे जात नाही मी."

"मंग तुम्ही न्या हे," ती म्हणाली. "आठवणीनं बदलवजा."

मी हो म्हणालो. नाही म्हणायला माझ्याजवळ कारण नव्हतं. तिने मला दोन्ही घरं दाखवली, सेलची कोणती बाजू वर ते दाखवलं, माझ्याकडून एकदा करून घेतलं. माझ्या बोटांतून सेल निसटला तेव्हा ती थांबली, आणि जमलं तेव्हा मान हलवली. मी पोरांची चित्रं तपासताना जशी हलवतो तशी.

बसमध्ये तो कागद मी मांडीवर आडवा धरला, वरून पेपर झाकला. पण पेपरातून उजेड दिसतच होता. कंडक्टर वाकून म्हणाला, "सर, पेपरात काय पेटलं जी?" आजूबाजूचे हसले. शेजारी एक म्हातारी बाई बसली होती, बाजाराची पिशवी पायाशी. तिने हौसेने पेपराचा कोपरा उचलला. "मस्त हाय," म्हणाली, आणि लगेच हात मागे घेतला. तिला पीठ दिसलं होतं.

"कोण गेलं बाप्पा?" तिने हळू विचारलं.

"एका पोरीची आई," मी म्हणालो.

तिने बोटं कपाळाला लावली आणि वर्धा येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली.

घरी मी तो दिवा टीव्हीच्या टेबलावर भिंतीला टेकवून ठेवला. त्या वर्षी मी दारात माळ लावली नव्हती. सगळ्या बिल्डिंगवर रंगीत माळा लुकलुकत होत्या आणि माझ्या घरात तेवढा एक दाणा. मुलाने पुण्याहून फोनवर विचारलं, बाबा, दिवाळी कशी चाललीय? मी म्हटलं, चाललीय. सेल बदलण्यात मी चोख होतो. चहा झाला की पहिल्यांदा तिकडे पाहायचो. मंद वाटला की नवा बसवायचा, मग जुना काढायचा. बायको होती तेव्हा तिच्या औषधांच्या वेळासुद्धा मी इतक्या नेमाने पाळल्या नव्हत्या. हे लक्षात आलं तेव्हा एका सकाळी माझा चहा तसाच निवून गेला.

भाऊबीजेला आष्टीहून बहीण आली. ओवाळलं, स्वयंपाक केला, मला आग्रह करकरून वाढलं. दिवा पाहून म्हणाली, "सणावाराला हे काय घरात मांडून ठेवलं?" मी तिच्यावर खेकसलो, आणि ती बिचारी ताटं आवरायला लागली. दुपारी तिला बसमध्ये बसवून दिलं आणि घरी आलो. दिवा मंदावला होता. सेल ड्रॉवरमध्ये होते, चार पावलांवर. म्हटलं, जरा टेकतो आणि बदलतो. खुर्चीत टेकलो. पोट भरलेलं होतं, पंखा चालू होता.

खालच्या पोरांच्या फटाक्यांनी जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून गेलं होतं. टेबलावर नुसता काळा कागद होता.

मी उठलो नाही. बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसलो. स्वतःला म्हटलं, अरे, प्लास्टिकचा दाणा आहे तो. पोरांच्या खेळण्यात असतो तसला. सेल घाल, लागेल. मग उठून सेल घातला आणि तो लागलाही, पहिल्यासारखाच, उलट जास्तच. पण तेवढ्याने भागलं नाही. एवढा जाणता माणूस, आणि मला वाटत होतं की माझ्यामुळे कोणीतरी वाटेत अंधारात उभं आहे. ती पोरगी तर बारा वर्षांची. तिने हे एकटीने, घरभर बाया बघत असताना कसं सोसलं असेल, हे मला त्या खुर्चीत कळलं. त्याआधी मला फक्त तिची दया येत होती.

शाळा उघडायच्या दिवशी बसमध्ये मी खोटं बोलायचं ठरवलं. विझला नाही म्हणायचं. कोणाला कळणार होतं? दिवा तर माझ्या मांडीवर छान जळत होता. आणि खोटं बोलून जर पोरीला बरं वाटणार असेल तर ते खोटं कसलं, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो.

ती फाट्यावरच उभी होती, नवी रिबन बांधून. कधीपासून उभी होती कोण जाणे. मी उतरलो, तिने पेपर बाजूला केला, दिव्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"विझला नाई ना सर?"

खोटं अगदी जिभेवर होतं. पण तिच्याशी खोटं बोलता आलं नाही. "विझला," मी म्हणालो. "भाऊबीजेच्या दुपारी. खुर्चीत बसलो होतो, माझा डोळा लागला."

बस निघून गेली. धूळ खाली बसली. मला वाटलं, आता ही रडेल, किंवा कागद घेऊन न बोलता निघून जाईल, आणि यातलं काहीही झालं तरी ते तिच्या हक्काचं होतं. तिने माझ्या हातातून चित्र घेतलं, पेपर नीट घडी करून मला परत दिला.

"डोळा लागतेच जी सर," ती म्हणाली. "तुम्ही काई मुद्दाम नाई झोपले."

हेच ते. इतके दिवस मला सांगता येत नव्हतं ते वाक्य हेच होतं, आणि ते तिने मला सांगितलं. तिच्या घरातल्या एकाही मोठ्या माणसाला ते सुचलं नव्हतं, मलाही नाही. मी घाईघाईने म्हणालो, "अगं, मग तूही मुद्दाम नाही झोपलीस. तूही दमली होतीस. तुझंही काही चुकलं नाही."

तिला कळलं की मला सगळं ठाऊक आहे. तिने नजर चुकवली नाही. सोपं गणित चुकवणाऱ्या पोराकडे पाहावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, समजुतीनेच.

"माहं अलग हाय सर," ती म्हणाली. "ते तुमची माय नोती."

जन्मभर मी कोणावर ना कोणावर रागावत आलो, पण त्या सकाळी त्या फाट्यावर मला रागवायलाही कोणी सापडेना. आम्ही दोघं शाळेकडे चालू लागलो. दोन्ही बाजूंनी कपाशी फुटली होती. ती चित्र छातीशी धरून माझ्या पुढे दोन पावलं चालत होती. अर्ध्या वाटेवर तिने मागे वळून विचारलं, "नवे सेल आणले का जी?"

आणले होते. माझ्या खिशातच होते.